झांबेझीकाठचा कुओंबोका सोहळा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



 आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे, आणि उभी हयात प्राथमिक शाळांत गेलेली. तेव्हा पांडित्यपूर्ण व्याख्यानाची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, अशी खात्री आहे. तथापि, भूगोलाच्या तासाला नकाशावर छडी ठेवून ज्या नद्या आम्ही मुलांना तीस-पस्तीस वर्षे दाखवल्या, त्यांपैकी एका नदीच्या काठी उभे राहण्याचा योग उतारवयात आला. त्या नदीकाठच्या लोकांचा एक जुना सोहळा आम्ही पाहिला. त्याची हकिकत, आणि त्यावरून आपल्या मंडळास करावयाची एक सूचना, एवढाच आजचा विषय आहे.

आमचे पुतणे झांबिया देशाची राजधानी लुसाका येथे हिशेबनीस म्हणून नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहावरून २०२३ साली आम्ही उभयता दोन महिने तिकडे जाऊन आलो. परत आल्यावर अनेकांनी कुतूहलाने विचारले, "गुरुजी, सिंह पाहिलेत का? रानटी लोकांची नाचगाणी पाहिलीत का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु आपली शेकडो मुले आज आफ्रिकेच्या निरनिराळ्या देशांत चरितार्थ चालवीत आहेत. ज्या भूमीचे मीठ आपली मुले खातात, त्या भूमीतील लोकांस न पाहता रानटी म्हणणे आपणांस शोभत नाही. आजची हकिकत ऐकल्यावर हा शब्द आपण पुन्हा वापरणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम त्या मुलखाची ओळख करून देतो. कारण मुलूख समजल्यावाचून सोहळा समजणार नाही.

झांबियाच्या पश्चिम भागात झांबेझी नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते. तेथे तिच्या दोन्ही अंगांस एक विस्तीर्ण सपाट मैदान पसरले आहे. त्यास बारोत्से पूरमैदान म्हणतात. त्याची लांबी सुमारे २३० किलोमीटर असून रुंदी बहुतेक ठिकाणी ३० किलोमीटरांहून अधिक आहे. पूर भरास आला म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी पाण्याखाली जाते. मैदानाच्या कडेला वालुकामय उंचवटा आहे आणि त्या उंचवट्यावर मोंगू हे प्रांताचे मुख्य शहर वसले आहे. लुसाकाहून तेथे जावयास मोटारीने सुमारे ६०० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. वाटेत काफुए हे मोठे अभयारण्य लागते.

या पुराची एक विशेष गोष्ट आहे. पावसाचा जोर असतो जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. परंतु उत्तरेच्या उंच प्रदेशात पडलेले पाणी या सपाट भूमीत इतके संथपणे पसरते की पुराचा कळस होतो एप्रिलच्या आसपास, म्हणजे पाऊस सरत आल्यावर! पुढे पाणी हळूहळू ओसरते व मागे गाळ आणि कोवळे गवत ठेवून जाते. मग गुरे चरावयास खाली उतरतात आणि तळ्याडबक्यांत अडकलेली मासळी लोक पकडतात. या मुलखातील मनुष्याचे पोट पुरावर अवलंबून आहे. पूर आला नाही तर गवत नाही, मासळी नाही, शेतास ओल नाही. म्हणून तेथील मनुष्य पुरास भीत असला तरी त्यास शाप देत नाही.

येथील लोकांस लोझी म्हणतात. त्यांची भाषा सिलोझी. शिक्षकाच्या दृष्टीने या भाषेची कथा मोठी मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून आलेल्या कोलोलो नावाच्या लोकांनी हे राज्य जिंकले. १८६४ साली लोझींनी उठाव करून त्यांची सत्ता मोडली. परंतु जेत्यांची भाषा मात्र देशात राहिली आणि आज तीच लोझींची मातृभाषा आहे.

लोझी राजास 'लिटुंगा' म्हणतात. भूमीचा राखणदार, असा त्या शब्दाचा आशय आहे. पाणी नसते तेव्हा राजाचे वास्तव्य मैदानातील लेआलुई या गावी असते. पूर चढू लागला म्हणजे राजा तेथून निघून उंचवट्यावरील लिमुलुंगा येथील वाड्यात जातो. या स्थलांतराचा सोहळा तोच कुओंबोका. 'पाण्यातून बाहेर पडणे' असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

आता या सोहळ्याची तिथी कशी ठरते ते ऐकावे. आपल्या सणांप्रमाणे ती पंचांगात वर्षभर आधी छापलेली नसते. बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, पौर्णिमेच्या सुमारास सोहळा होतो; परंतु पाणी पुरेसे चढले की नाही हे पाहून राजदरबार दिवस जाहीर करतो. त्यामुळे दूरच्या प्रवाशाची मोठी पंचाईत होते. आमच्या पुतण्याने रजेचा अर्ज दोनदा बदलला. आम्ही त्रासून म्हणालो, "अरे, सरकारने एक तारीख कायमची ठरवून का टाकू नये?" त्यावर त्याच्या कचेरीतील एक लोझी गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, तारीख सरकार ठरवील. पण नदीला कोण कळवील?" या उत्तरावर आम्ही निरुत्तर झालो.

अखेर एप्रिल महिन्यात दिवस जाहीर झाला आणि आम्ही मोंगूस पोहोचलो. आमची उतरण्याची सोय त्याच गृहस्थांच्या वडिलांकडे झाली होती. तेही सेवानिवृत्त शाळामास्तर! जगाच्या पाठीवर कोठेही जा, दोन मास्तर भेटले की पगार, तपासनीस आणि हल्लीची मुले या तीन विषयांवर त्यांचे एकमत होण्यास पाच मिनिटे पुरतात, याचा आम्हांस प्रत्यय आला. ते इंग्रजी संथ व स्पष्ट बोलत, त्यामुळे आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजीचेही निभावले. आमचे कुटुंब शाकाहारी, म्हणून घरच्या माउलीने मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्यास ते 'बुहोबे' म्हणतात, आणि 'माबिसी' नावाचे आंबवलेले दूध समोर ठेवले. घाटा आणि दही म्हटले तर परके काय राहिले? आमच्या सौभाग्यवती तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीपाशीच बसल्या.

तेथील अभिवादनाची रीत सांगण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांसमोर लहानांनी गुडघे टेकावयाचे आणि दोन्ही तळहात किंचित पोकळ धरून हलक्या टाळ्या वाजवावयाच्या. घरातील तरुण मुले, शहरात शिकणारी, पाटलोण घातलेली, हीदेखील वडिलांसमोर आली की विनासंकोच गुडघे टेकीत. आमच्याही समोर त्यांनी ते केले तेव्हा आमचे हात आपोआप आशीर्वादास उठले.

सोहळ्याच्या आदल्या रात्री राजवाड्यात 'माओमा' नावाचे प्रचंड नगारे वाजवितात. ते १७० वर्षांहून अधिक जुने असल्याचे सांगतात. त्यांचा नाद म्हणजे वल्हेकऱ्यांस हाक: उद्या निघावयाचे आहे, हजर व्हा! आम्ही मोंगूस असल्यामुळे तो नाद आमच्या कानी आला नाही. परंतु यजमान मात्र अंगणात बसून मैदानाच्या दिशेने कान देत होते. बालपणी आपण तो लेआलुईजवळच्या आजोळी ऐकला आहे, असे त्यांनी सांगितले.

त्याच अंगणात त्यांनी आम्हांस या सोहळ्याची मूळकथा सांगितली. पुरातन काळी 'सर्व गिळून टाकणारे पाणी' या नावाचा महापूर आला. शेते वाहून गेली, जनावरे मेली. लोकांजवळ एका लाकडात कोरलेल्या लहान डोण्या होत्या. त्यांत बसून त्या पाण्यावर जाण्याचा धीर कोणास होईना. तेव्हा न्यांबे या परमेश्वराने नाकांबेला नावाच्या पुरुषास मोठी नौका बांधण्याची आज्ञा केली. त्या नौकेचे नाव 'नालिक्वांडा', अर्थात 'लोकांसाठी'. ही कथा ऐकून आम्ही त्यांस शतपथ ब्राह्मणातील मनूची, माशाची आणि नौकेची कथा सांगितली. ते थक्क झाले. आम्हीही झालो होतो. ज्यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही अशा दोन लोकांनी पाण्याचे भय आणि त्यातून तारणारी नाव या गोष्टी सारख्याच श्रद्धेने जपून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोंगूच्या धक्क्यावरून इंजिनाच्या होडीने लेआलुईकडे निघालो. भोवताली जिकडे पाहावे तिकडे पाणी. त्यातून गवताचे शेंडे वर आलेले, पांढरी व जांभळी कमळे फुललेली. मध्येच मातीचा उंचवटा, त्यावर चार-दोन गवती झोपड्या आणि एखादे झाड. कोठे एखादे कुटुंब आपला सारा संसार डोणीत भरून चाललेले दिसे: चटया, मडकी, कोंबड्यांची खुराडी, आणि वरती बसलेली मुले. राजाचे स्थलांतर हा सोहळा खरा. परंतु त्याच दिवसांत सामान्य घरेही कशी उचलली जातात, हे आम्हांस प्रथम या होड्यांवरून उमगले.

लेआलुईस नालिक्वांडा नौका पाहिली. ती फार मोठी असून तिच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे आहेत. मध्यभागी राजासाठी छत, आणि छतावर एक प्रचंड काळा हत्ती! हा हत्ती कृत्रिम आहे. परंतु नौकेच्या आतून त्याचे कान हलविण्याची योजना केलेली आहे. कान हलले की काठावरची पोरे आनंदाने ओरडतात, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही लहान मुलांसारखे ते पाहत राहिलो. राणीची नौका निराळी; तिच्यावर भला मोठा गायबगळा, आणि त्याचे पंख हलतात. गुरांच्या मागे फिरणारा हा पक्षी आपल्याकडे शेतकऱ्यास जसा ओळखीचा, तसाच तेथेही.

नालिक्वांडास सुमारे शंभर वल्हेकरी असतात. डोक्यावर लाल टोपी, तिला सिंहाच्या आयाळीचा तुरा, कमरेस गुडघ्यापर्यंत प्राण्यांच्या कातड्यांचा घोळ. राजाच्या नौकेचा वल्हेकरी होणे हा मोठा मान समजतात. परंतु मानाबरोबर शिस्तही कडक. जो थकला वा ज्याचा ताल चुकला त्यास पाण्यात ढकलून देण्याची जुनी रीत सांगतात. नौकेवर ढोल आणि 'सिलिंबा' नावाचे वाद्य वाजत असते. लाकडी पट्ट्यांच्या खाली निरनिराळ्या मापांचे भोपळे बांधलेले. त्या भोपळ्यांमुळे नाद घुमतो. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याचे मर्म सांगावयास नको.

मुख्य नौका सुटण्यापूर्वी पांढऱ्या रंगाच्या दोन लहान नावा पुढे जातात. पाण्याची खोली तपासणे आणि वाटेत शत्रू नाही ना हे पाहणे, हे त्यांचे काम. आज शत्रू कोणी उरला नाही. परंतु खोली मात्र पाहावीच लागते. त्यांनी निर्वेध असल्याची खूण केली की राजा नौकेत चढतो. नौकेवर सतत अग्नी तेवत ठेवलेला असतो. त्याचा धूर दिसत आहे तोवर राजा सुखरूप आहे, असे दूरच्या काठावरील प्रजेस समजते.

ढोल वाजला, शंभर वल्ही एकदम पाण्यात शिरली आणि ती अवाढव्य नौका हलली. काठावर उभे असलेले वृद्ध स्त्री-पुरुष गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवू लागले. आम्ही त्या वृद्धांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. घर सोडून जाण्याचा तो प्रसंग. परंतु कोणाच्याही मुद्रेवर विषाद नव्हता. आमच्याजवळ उभ्या असलेल्या एका आजीबाईंस आम्ही यजमानांमार्फत विचारले, "घर पाण्यात जाणार, वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "घर गवताचे आहे, ते पुन्हा बांधता येते. पाणी आपली माती परत द्यायला आले आहे. त्याला जागा द्यायला नको का?"

बंधुभगिनींनो, आमच्या साऱ्या प्रवासात ऐकलेले हे सर्वांत मोलाचे वाक्य होय.

नौकेस लिमुलुंगास पोहोचावयास सहाएक तास लागतात. आम्ही तेवढ्या वेळात होडीने मोंगूस परतून, तेथून मोटारीने उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरांवरील लिमुलुंगा गाठले. तेथे अफाट जनसमुदाय लोटला होता. पुरुषांच्या कमरेस 'सिझिबा' नावाचे घोळदार वस्त्र. स्त्रियांच्या अंगावर 'मुसिसी' नावाचा अनेक पदरी झगा. हा झगा पूर्वी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या स्त्रिया घालीत त्या पोशाखावरून घेतला. परंतु रंग, कापड आणि बांधण्याची तऱ्हा यांनी लोझी स्त्रियांनी तो इतका आपलासा केला आहे की आज तोच त्यांचा अस्सल पोशाख मानला जातो. आमच्या सौभाग्यवतींच्या नऊवारीकडे त्या स्त्रिया, आणि त्यांच्या मुसिसीकडे आमच्या सौभाग्यवती, दोन्ही पक्ष एकमेकांच्या निऱ्या निरखीत बराच वेळ उभे होते.

सायंकाळच्या सुमारास क्षितिजावर प्रथम धूर, मग हत्ती, मग वल्ह्यांची लकाकी दिसू लागली. धक्क्यास लागल्यावर लिटुंगा बाहेर आले ते निराळ्याच पोशाखात! निघताना लोझी वेष आणि उतरताना सोनेरी कलाबतूचा इंग्रजी आरमारी अधिकाऱ्याचा गणवेश. याचे कारण असे की १९०२ साली तेव्हाचे राजे लेवानिका हे इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणास विलायतेस गेले होते. त्या वेळी बादशहाने त्यांस असा गणवेश दिला आणि तेव्हापासून ती प्रथा पडली. आम्ही पाहिले ते लिटुंगा, लुबोसी इम्विको दुसरे, हे २००० साली गादीवर आले. हा गणवेश काहींस परक्या सत्तेची खूण वाटेल, काहींस बरोबरीच्या सन्मानाची. आमच्या यजमानांस मात्र त्याचे ओझे वाटत नव्हते. ते म्हणाले, "पाहुण्याने दिलेला अंगरखा सणास घालतो, एवढेच."

एवढ्यावरून सारे काही निर्मळ व आनंदाचेच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. शिक्षकाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या सोहळ्यामागे लोझी लोकांचे एक जुने राजकीय शल्य आहे. १८ मे १९६४ रोजी झालेल्या करारान्वये हा प्रदेश काही राखीव अधिकारांसह झांबियात सामील झाला; पुढे १९६९ साली तो करार रद्द करण्यात आला. त्याची सल अद्याप अनेकांच्या बोलण्यात येते. तेव्हा प्रवाशाने अशा ठिकाणी राजकारणावर जिभेस लगाम घालावा आणि परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. शिवाय आता धक्क्यावर मंत्र्यांसाठी मांडव असतो, जाहिरातींचे फलक असतात. पुष्कळ कुटुंबे बाराही महिने उंचवट्यावरच राहू लागली आहेत. मोंगूहून मैदान ओलांडून कालाबोस जाणारा पक्का रस्ता २०१६ सालापासून खुला असून त्यावर २६ पूल आहेत. काळ कोणासाठी थांबत नाही, तसा तो लोझींसाठीही थांबलेला नाही.

आणि आम्ही परत आल्यानंतरच्या वर्षी, २०२४ साली, फार दुःखद वार्ता आली. त्या वर्षी झांबियात भयंकर अवर्षण पडले आणि २९ फेब्रुवारी रोजी तेथील सरकारने ती राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली. पूर चढलाच नाही. पाणी नाही, म्हणून कुओंबोका रद्द! मांडव होते, पाहुणे होते, दुकानदारांचा माल होता. परंतु कोरड्या मैदानातून नौका ओढून देखावा करण्याचे राजदरबाराने मनात आणले नाही. यजमानांनी पुतण्यास फोनवर सांगितले, "यंदा राजा निघाला नाही, यापेक्षा यंदा पाणी आले नाही याचे रडू येते." ज्या सणाचे कारण जिवंत आहे, त्या सणाविषयी मनुष्य असा बोलतो.

आता या हकिकतीचा आपल्याशी काय संबंध, ते सांगून आवरते घेतो.

आपल्या ज्ञातीची कितीतरी घरे कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर आपण विसरलेलो नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे जीव वाचवण्यासाठी निघालेल्या गावकऱ्यांची नावच उलटली आणि कितीतरी जीव बुडाले, ती वार्ता आठवली म्हणजे आजही अन्न गोड लागत नाही. आपला पूर आणि झांबेझीचा पूर यांत मोठे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तेथे पाणी आठवड्या-आठवड्यांनी चढते. येथे धरणांचा विसर्ग आणि घाटावरचा पाऊस एकत्र आले की एका रात्रीत उंबरा ओलांडते. परंतु म्हणूनच लवकर निघण्याची गरज येथे कमी नसून अधिक आहे.

तरीही आपण का निघत नाही? प्रत्येक पुरात आपण पाहतो की तरुण मंडळी मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि घरातील म्हातारे माणूस खांबास धरून बसते. "एवढे पूर पाहिले, हाही जाईल," असे म्हणते. त्याच्या मनात हट्टापेक्षा अपमानाची भीती अधिक असते. रात्री-अपरात्री कोणीतरी दंडास धरून होडीत बसवणार, शाळेच्या ओसरीवर परक्यांत झोपावे लागणार, आणि मागे घराचे काय होईल कोण जाणे! आमच्यासारखी साठी ओलांडलेली जी मंडळी येथे बसली आहेत, त्यांस हे मन समजावून सांगावयास नको.

लोझी लोकांनी हेच दुःख ओळखले आणि त्यावर तोड काढली, असे आम्हांस वाटते. निघणे ही पळापळ राहू नये म्हणून त्यांनी त्यास वाद्ये दिली, वस्त्रे दिली, मान दिला. सर्वांत थोर पुरुष स्वतः घर सोडून निघतो. मग इतरांस निघण्यात कमीपणा कसला? शिवाय परतण्याचाही सोहळा आहे. पाणी ओसरल्यावर राजा पुन्हा लेआलुईस जातो, त्यास 'कुफुलुहेला' म्हणतात. जाणाऱ्यास परत येण्याची खात्री असली म्हणजे पाय जड होत नाहीत.

आणि ही गोष्ट आपणांस अगदीच परकी आहे असेही नाही. श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस पाणी चढू लागले की पादुकांवरून नदी वाहते, दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, आणि उत्सवमूर्ती वरच्या देवळात नेऊन ठेवतात. पाणी आले तर देवसुद्धा जागा बदलतात, आणि भाविक त्यास संकट न म्हणता पर्वणी म्हणतात. जे देवाने केले ते भक्ताने करण्यास लाज कसली?

म्हणून आपल्या मंडळास आमची नम्र सूचना अशी. प्रतिवर्षी आषाढ लागण्यापूर्वी नदीकाठच्या गावांतील आपल्या घरांची एक यादी करावी. कोणत्या घरात वृद्ध, आजारी वा एकटे माणूस आहे, हे तीत लिहावे. त्या प्रत्येकाने पूर आल्यास उंचावरील कोणत्या ज्ञातिबांधवाच्या घरी जावयाचे, हे दोन्ही घरांस विचारून आधीच ठरवावे. पाहुण्यास बोलावतात तसे यजमानाने स्वतः जाऊन नारळ देऊन आमंत्रण करावे, म्हणजे जाणाऱ्यास आपण आश्रित आहोत असे वाटणार नाही. कागदपत्रे, औषधे आणि देवघरातील टाक एका पेटीत तयार असावेत. गुरांची सोय कोठे, हेही ठरलेले असावे. आणि पाणी इशाऱ्याच्या पातळीस आले की प्रथम निघावे ते मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि घरातील कर्त्या पुरुषांनी, दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत. पूर ओसरल्यावर घरे धुण्यास तरुणांच्या टोळ्या कराव्यात आणि वृद्धांस ज्या मानाने नेले त्याच मानाने परत आणून सोडावे. यास फार खर्च येत नाही. या शेजारधर्मात ज्ञातीबाहेरच्या शेजाऱ्यासही सामावून घ्यावे, हे सांगणे नलगे. नौकेचे नावच 'लोकांसाठी' आहे, आणि पाणी कोणाची जात विचारून घरात शिरत नाही.

ही सूचना साधारण सभेपुढे ठेवावी, अशी अध्यक्षमहाशयांस विनंती आहे. यादीच्या कामास आमच्या तालुक्यात आम्ही स्वतः हिंडण्यास तयार आहोत. निवृत्त शिक्षकास सायकल आणि सवड या दोन्ही गोष्टी असतात.